सातव्या पाटीवरचा अंगठा

आश्विन लागला तरी माझ्या बरणीतले निळे खडे गुलाबी व्हायचे थांबत नाहीत. सिलिका जेलचे खडे आहेत ते. हवेतली ओल पितात आणि पोट भरलं की रंग बदलून सांगतात, आता पुरे. मग मी ते ट्रेमध्ये पसरते, भट्टीत भाजते आणि पुन्हा निळे झाले की बरणीत टाकते. पावसाळाभर हे दर पंधरवड्याला चालतं. यवतमाळच्या ज्या कॉलेजात मी धातूंचा विषय शिकवते, तिथल्या प्रयोगशाळेत कोपऱ्यातल्या कपाटात ही जाड काचेची बरणी असते. झाकणाच्या कडेला ग्रीस लावलेलं, म्हणजे हवा आत जायला नको. खड्यांच्या वर जाळी आणि जाळीवर तळहाताएवढी एक करडी पाटी. मुलं विचारतात, "मॅडम, यात काय आहे?" मी सांगते, नमुना आहे. मुलांना एवढं उत्तर पुरतं, आणि ते खोटंही नाही.

बाहेर सध्या तसलंच ऊन पडलं आहे. पाऊस गेल्यासारखा वाटतो, पण गेलेला नसतो. दुपारी डोकं तापतं आणि पहाटे गाड्यांच्या सीटवर दव साचलेलं असतं. लोक याला ऑक्टोबरचा उकाडा म्हणतात आणि वैतागतात. मी वैतागत नाही. मला या दिवसांत फारसं काहीच होत नाही. जेवते, शिकवते, पेपर तपासते, खडे भाजते. एका वर्षीच्या आश्विनात माझ्यातलं काहीतरी सुन्न झालं, आणि पायाला आलेल्या मुंग्या जशा चालल्यावर जातात तसं ते जाईल असं वाटलं होतं. ते गेलं नाही. आता त्याची सवय झाली आहे.

त्या वर्षी मी नागपूरला एम.टेक. करत होते आणि माझा विषय ऐकून गावात सगळे हसले होते. ओतीव मॅग्नेशियमचे मिश्रधातू उघड्या हवेत कसे गंजतात, हा तो विषय. हा धातू हलका, म्हणून गाड्यांच्या गिअरपेट्या, यंत्रांची कवचं याची ओततात. पण हलकेपणाची किंमत अशी, की तो हवेला फार लवकर वश होतो. आमच्या सरांना कोळशाच्या पट्ट्यातली हवा हवी होती. माझं गाव वणीपासून जवळ. अंगणासमोरच्या रस्त्यावरून दिवसभर कोळशाचे ट्रक जातात आणि दोरीवर वाळत घातलेलं पांढरं लुगडं संध्याकाळपर्यंत राखाडी होतं. सर म्हणाले, "तुझ्याच घराच्या स्लॅबवर मांड की." आजवर आमच्या धुळीचं कौतुक करणारे ते एकटेच.

आषाढात बाबांनी मला चौकट करून दिली. बाबा शेतकरी, पण वेल्डिंगपासून मोटर बांधण्यापर्यंत सगळं त्यांना थोडंथोडं येतं. चौकट लोखंडी अँगलची, तिरपी, दक्षिणेकडे तोंड केलेली. तिच्यावर मिश्रधातूच्या बारा पाट्या, प्रत्येकीच्या कोपऱ्यात कोरलेला आकडा. पाटी लोखंडाला टेकता कामा नये, टेकली की मॅग्नेशियम भराभर झिजतं, म्हणून मध्ये चिनी मातीच्या गिट्ट्या. बाबांना हे फार आवडलं. "म्हन्जे लोखंडासंग याची सोयरीक जमत नाई," ते म्हणाले. मी म्हटलं, जमते, पण एकजण मरतो. "मंग तं बरोबर सोयरीक झाली," असं म्हणून ते आईकडे बघत हसले. आईने लक्ष दिलं नाही. तिने एक पाटी हातात घेऊन तोलली होती. "हे तं पापडावानी हाय वं पनू. याची गाडी बनते?" मी ओरडले. पाटीला हात लावायचा नाही, हा पहिला नियम. हाताला घाम असतो, घामात मीठ असतं आणि मीठ या धातूचा वैरी. ती पाटी मला पुन्हा घासून, धुऊन, वजन करून मांडावी लागली असती. सुदैवाने एक जास्तीची होती.

आईच्या हातांबद्दल सांगायला हवं. तीस-पस्तीस वर्षं कापूस वेचलेले हात. वाळलेल्या बोंडाच्या टोकांनी बोटांची पेरं खरवडून निघतात, बुजतात, पुन्हा खरवडतात. त्यावर राख, शेण, माती, भांडी. उजव्या अंगठ्यावर एक आडवी चीर होती, तूर कापताना इळा लागल्याची. रेशनच्या दुकानातल्या मशीनला तिचा अंगठा कधीच लागायचा नाही. दुकानदार म्हणायचा, "काकू, पुसून लावा." ती पदराला पुसून लावायची. "आता थोडं पाणी लावून पाहा." पाणी लावायची. मागे रांग खोळंबायची. शेवटी बाबांचा अंगठा घ्यायचे. घरी आल्यावर ती स्वतःच हसायची. "मशीन म्हन्ते, तू हायेसच नाई." मला तेव्हा त्यात फक्त विनोद दिसला. मी तिला कारणही समजावून सांगितलं होतं, की त्वचेवरचे उंचवटे झिजले की छाप येत नाही. तिने ते नीट ऐकून घेतलं. माझं सगळंच ती नीट ऐकून घ्यायची.

तर आषाढ, श्रावण, भादवा असे तीन महिने मी घरीच होते. पहाटे स्लॅबवर जायचं, पाट्यांवर दव किती आहे बघायचं, तापमान, ओल, धूळ वहीत लिहायची. मॅग्नेशियमचा गंज तांबडा नसतो. आधी चकाकी जाते आणि धातूवर राखाडी पडदा येतो. मग कुठेकुठे पिठासारखा पांढरा फुलोरा. बाबांना हे पटायला वेळ लागला. "गंज अन् पांढरा?" ते रोज एकदा तरी म्हणायचे. आई सकाळी चहा घेऊन वर यायची आणि चौकटीपासून हातभर अंतरावर, पदर आवरून उभी राहायची, सोवळ्यातल्या माणसासमोर राहावं तशी. कधी विचारायची, "आलं का काई?" जणू मी काही पेरलं होतं. मी म्हणायचे, येऊन राह्यलं. ती समाधानाने खाली जायची.

नवरात्रात आमच्या शेतात पहिलं बोंड फुटलं आणि नवमीला आईने सीतादही केलं. वेचणी सुरू करण्याआधी आमच्याकडे हे करतात. बांधाजवळच्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, झाडाखाली पाच खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, चारी दिशांना दहीभात शिंपडायचा आणि मगच कापसाला हात लावायचा. त्या दिवशी मी वणीला झेरॉक्स काढायला गेले होते. दुपारी परत येऊन वर गेले, तर सातव्या पाटीच्या मधोमध दह्याचा टिळा. त्यावर कुंकू, आणि कुंकवाला चिकटलेलं भाताचं एक शीत.

मी जिन्यावरूनच ओरडले. आई मागच्या अंगणात हात धूत होती.

"तुले कितीदा सांगतलं आई, हात लावू नको म्हून!"

"एकाच पाटीले लावला वं," ती खालून म्हणाली. "बाकीच्यायले नाई लावला. कापसाले केलं, म्हनलं तुह्याई पिकाले कराव. एकाले केलं तं सगळ्यायले पोचते."

"पोचते कायचं? दही म्हन्जे अ‍ॅसिड असते. त्यात तुह्या हाताचं मीठ. तीन महिन्याचं वाटोळं केलं तुनं. काही समजत नाही तं मधात कायले येतं?"

तिने हात पदराला पुसले. मग तिने वर बघून विचारलं, "पुसून देऊ का?" मी म्हटलं, "आता हातच लावू नको." आणि दार लावून घेतलं.

रागावणं चुकीचं होतं असं मला आजही म्हणता येत नाही. एका पाटीचा निकाल खरोखरच गेला होता, आणि प्रत्येक आकड्यामागे तीन पाट्या धरलेल्या, त्यामुळे एक गेली की त्या तिघींचं गणित लंगडं होतं. चुकीचं काय ते पुढे आहे. दुसऱ्या दिवसापासून आई स्लॅबवर आली नाही. चहा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ठेवून, "पनू, चहा," एवढं म्हणून ती परत जायची. मला कळत होतं. एकदा नुसतं "ये ना वर" म्हटलं असतं तर ती आली असती. रोज वाटायचं, उद्या म्हणू. मी तिला वर बोलावलं नाही. एवढंच आहे सगळं, याहून जास्त काही नाही, आणि हे कुठल्याही वहीत लिहून संपत नाही.

त्या सातव्या पाटीकडे मात्र मी रोज बघत होते. बाद झाली तरी ती चौकटीवरच होती, काढली तर मोकळ्या जागेमुळे शेजारच्या पाट्यांवर वेगळी धूळ बसली असती. दोन दिवसांत शीत मुंग्यांनी नेलं. दवाने कुंकू उतरलं. मग जिथे टिळा होता तिथे धातू काळवंडला, आणि आठवड्याभरात काळ्यातून पांढरं वर आलं. मध्ये एक आडवी रेघ तशीच करडी राहिली होती. चिरेत दही लागलंच नव्हतं, म्हणून. ती रेघ दिसली तेव्हा मला कळलं की हा डाग नाही, अंगठा आहे. उंचवटे जवळजवळ नव्हते. खालच्या बाजूला तीन-चार वळणं तेवढी उरली होती. पण चीर स्वच्छ होती. रेशनच्या मशीनला जे जमलं नव्हतं, ते दही, दव आणि ट्रकच्या धुळीने करून दाखवलं होतं. मला गंमत वाटली. हे आईला दाखवावं असंही वाटलं. मोबाइलवर फोटो काढला, तर त्यात चिमणीची शीट वाटत होती. म्हटलं, प्रत्यक्षच दाखवू, थोडं आणखी उमटू दे.

कोजागिरीच्या दोन दिवसांनंतर तिला ताप आला. डेंग्यू होता. सहाव्या दिवशी ती गेली. यवतमाळच्या दवाखान्यातून तिला आणलं तेव्हा रस्त्यावर ट्रक चालूच होते. घरात बायका भरल्या होत्या. कोणीतरी माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणत होतं, "रड वं पोरी, मोकळी हो." मला रडता येत नव्हतं असं नाही. मला रडण्यासारखं काही सापडतच नव्हतं. दुसऱ्या कोणी तरी, आतल्या खोलीत, "दगड हाय हे पोरगी," असंही म्हटलं, ते मी ऐकलं आणि मला ते बरोबर वाटलं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी नेहमीच्या वेळी उठले, स्लॅबवर गेले आणि वहीत तापमान, ओल आणि धूळ लिहिली. ती नोंद अजून आहे. अक्षर बाकीच्या दिवसांसारखंच आहे, कुठेही हललेलं नाही. खाली उतरताना तिसऱ्या पायरीवर पाय ठेवायचं मी टाळलं, कारण तिथे चहाचा कप असतो.

तेरवी झाल्यावर मी हातमोजे घालून पाट्या उतरवल्या, प्लास्टिकच्या पाकिटांत घातल्या आणि नागपूरला नेल्या.

गंज मोजायची आमची रीत अशी आहे, की पाटीवरचा सगळा गंज धुऊन काढायचा आणि उरलेल्या धातूचं वजन करायचं. आधीच्या वजनातून ते वजा केलं, की हवेने किती नेलं ते कळतं. धुवायला एक तांबूस-नारिंगी द्रावण असतं, क्रोमिक आम्लाचं. ते उकळायचं आणि पाटी त्यात बुडवायची. त्याची खुबी अशी, की ते गंज तेवढा खातं, चांगल्या धातूला हात लावत नाही.

सरांनी बारा पाट्या टेबलावर ओळीने बघितल्या आणि सातवीपाशी थांबले. "हिला काय झालं?"

"हात लागला."

"कुणाचा?"

"आईचा."

सरांना आई गेल्याचं माहीत होतं. ते खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "ही आपल्या हिशोबात धरायची नाहीच. धुतलीच पाहिजे असं नाही. हवी तर तशीच घेऊन जा. तुझं तू ठरव." मग ते उगाच बाहेर जाऊन फोनवर बोलत राहिले.

तशीच नेणं सोपं होतं. पण त्या पांढऱ्या फुलोऱ्याच्या आत मीठ होतं, आणि मीठ आत राहिलं की काम थांबत नाही. पुढच्या पावसाळ्यात अंगठा पसरला असता. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात चीर बुजली असती. चार-सहा वर्षांत पाटीवर नुसतं पांढरं पीठ उरलं असतं. म्हणजे ठेवली तर आईचा अंगठा हळूहळू स्वतःलाच खाणार. आणि धुतली तर पांढरं जे काही दिसत होतं, ज्याला मी अंगठा म्हणत होते, ते सगळं मिनिटभरात द्रावणात जाणार. खाली काही असेल की नाही, हे धुतल्याखेरीज कळायला मार्ग नव्हता. जगात तिचा दुसरा ठसा नव्हता. मशीनमध्येही नव्हता.

मी ठरवलं असं म्हणता येणार नाही. अकरा पाट्या धुऊन झाल्या होत्या, द्रावण उकळत होतं, हात चालू होता. चिमट्याने सातवी उचलली आणि सोडली. बुडबुडे आले. मी घड्याळाकडे बघत राहिले. मला भीती वाटायला हवी होती आणि ती वाटत नव्हती, एवढीच काय ती भीती वाटली. वेळ झाली तशी पाटी काढली, पाण्याखाली धरली, मग गरम हवेखाली.

पांढरं सगळं गेलं होतं. अंगठा राहिला होता. तो आता धातूच्या आत होता. जिथे दही लागलं होतं तिथे धातू बारीक बारीक खळग्यांनी खाली गेला होता, आणि मध्ये चिरेची रेघ उंच उभी होती, कारण तेवढ्या जागेला काही झालंच नव्हतं. जिवंतपणी जी तिच्या अंगठ्यातली खाच होती, ती इथे कडा झाली होती. मी हातमोज्यावरून बोट फिरवून बघितलं. मोज्यातून काही कळत नाही. मग पाटी तराजूत ठेवली, काटा स्थिर व्हायची वाट बघितली आणि आकडा लिहिला. बाकीच्या पाट्यांपेक्षा ती किती जास्त झिजली, ते मला दशांशानंतरच्या चार घरांपर्यंत माहीत आहे. प्रबंधात मात्र तळटीप आहे, सातवा नमुना हाताळणीमुळे वगळला. वगळला हे खरंच आहे.

तेव्हापासून ती बरणीत आहे. मीठ धुऊन गेल्यावर कोरड्या हवेत काही होत नाही. माझंही तसंच चाललं आहे असं कधीकधी वाटतं, पण हा विचार मी वाढवत नाही.

बाबांना मी हे सांगितलं नव्हतं. सांगितलं की दाखवावं लागेल, दाखवायचं म्हणजे बरणी उघडायची, आणि बरणी उघडली की ओल शिरते. अशी कारणं मला भरपूर सापडतात. गेल्या आठवड्यात ते डोळे दाखवायला यवतमाळला आले. एका डोळ्यातला मोतीबिंदू काढून झालाय, दुसरा पिकायचा आहे. कॉलेज बघू म्हणाले. पिशवीत भुईमुगाच्या ओल्या शेंगा आणल्या होत्या. खाली आणखी एक डबा होता, त्यात दहीभात.

"काल सीतादही केलं," ते म्हणाले. "बायायचं काम, पन करतो मीच. चुकतही असन काई."

मी त्यांना प्रयोगशाळेत बसवलं. का कोण जाणे, कपाट उघडून बरणी टेबलावर ठेवली. झाकण सरकवलं. हातमोजे घालून पाटी काढली आणि त्यांच्यासमोर धरली. "बाबा, हे सातवी पाटी. आईनं टिळा लावलता ते."

त्यांनी ती उजेडाकडे वळवायला सांगितली. एक डोळा मिटला, मग दुसरा. "काई दिसत नाई मले. नुसतं करडं दिसून राह्यलं." मग, अगदी आईने विचारलं होतं त्याच आवाजात, "हात लावू का?"

इतकी वर्षं मी मुलांना एकच गोष्ट घोकायला लावते. मॅग्नेशियमला उघडा हात लावायचा नाही. प्रयोगशाळेच्या दारावर माझ्या अक्षरात ती सूचना लावलेली आहे.

मी म्हटलं, "लावा."

त्यांनी उजव्या हाताचा अंगठा त्या खळग्यावर ठेवला आणि सावकाश, खालून वर, फिरवला. चिरेपाशी तो थांबला. मागे आला, पुन्हा तिथेच गेला.

"इळा लागलता," ते म्हणाले. "लग्नाचं दुसरं वर्स. मीच चिंधी बांधलती."

मग त्यांनी अंगठा उचलला नाही. मीही सांगितलं नाही. उघड्या खिडकीतून ओलसर उकाडा आत येत होता, बरणी उघडी होती, आणि तळाचे निळे खडे कडेकडेने गुलाबी व्हायला लागले होते. बाबा निघून गेल्यावर मी पाटी पुसली नाही, तशीच जाळीवर ठेवली. कोरड्या बरणीत त्यांचा ठसा उमटणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणून झाकण मी लगेच लावलं नाही. कॉलेज सुटेपर्यंत बरणी उघडीच ठेवली आणि समोर बसून डब्यातला दहीभात खाल्ला.